मेल तपासायला देताना दोन ओळी मराठीत लिहा

नवी मुंबईतल्या ऐरोली, रबाळे, महापेच्या ऑफिसांतून आमच्या इंग्रजीच्या क्लासात तपासायला येणाऱ्या इंग्रजी मेलमध्ये एक शब्द हमखास असतो: डाउट. शाळेपासून आपण ‘सर, एक डाउट आहे’ म्हणत आलो, म्हणजे काहीतरी विचारायचंय. लंडनच्या क्लायंटला मात्र ‘आय हॅव सम डाउट्स अबाउट युवर डिझाइन’ वाचून वाटतं, यांना आपलं काम पटलेलं नाही. मराठीतली ‘शंका’ दोन्हीकडे चालते, म्हणून आपल्या ते ध्यानातच येत नाही. विचारायचं असेल तर सरळ ‘क्वेश्चन’ लिहा.

खरा घोटाळा पुढे आहे. फाइलमध्ये चूक असावी अशी शंका आली, की मंडळी लिहितात, ‘आय डाउट द फाइल इज राँग.’ याचा अर्थ होतो, फाइल चुकीची असेल असं मला वाटत नाही. म्हणजे नेमका उलटा! तिकडे क्लायंट निवांत, इकडे तुम्ही उत्तराची वाट बघताय. इथे ‘आय सस्पेक्ट’ चालेल, पण माणसाबद्दल तो शब्द नको, आरोप केल्यासारखा वाटतो. त्यापेक्षा ‘देअर मे बी अ‍ॅन एरर इन द फाइल. कुड यू प्लीज चेक?’ यात बोट फाइलकडे जातं, पाठवणाऱ्याकडे नाही.

तारीख जमणार नसेल तर ‘नॉट पॉसिबल’ऐवजी ‘आय अ‍ॅम कन्सर्न्ड अबाउट द फ्रायडे डेडलाइन’ लिहा. लगेच कारण द्या आणि जमेल ती तारीखही. ‘विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट’ तेवढं टाळा. आदराच्या नावाखाली ते टोचतं.

आता आमची अडचण. ते ‘आय डाउट’वालं वाक्य व्याकरणात बिनचूक आहे. नुसता इंग्रजी मेल पाठवून ‘जरा बघा’ म्हटलंत, तर तुमच्या मनात काय होतं हे कळायचं कसं? मग फोनाफोनी, आणि अर्ध्या तासाच्या कामाला संध्याकाळ. म्हणून मेलच्या वर दोन ओळी मराठीत हव्यातच. ‘इंग्रजीच्या क्लासात मराठी कशाला?’ असं काहीजण कुरकुरतात. कुरकुरू देत. तयार वाक्यांची यादीही आम्ही देत नाही. ती पाठ करून आलेल्यांचेच मेल पुन्हा दुरुस्तीला येतात.

शनिवारच्या बॅचला येताना स्वतःचे तीन जुने मेल आणा. कंपनीचं आणि क्लायंटचं नाव मात्र आधी खोडा.