दिवाळीतला कचनार आणि होळीतला कचनार ही दोन वेगळी झाडं आहेत

इंदूरला खूप जण सांगतात की कचनार वर्षातून दोनदा फुलतो, एकदा दिवाळीच्या सुमारास आणि परत होळीला. तसं नाहीये. दिवाळीत फुलतो तो देवकांचन आणि महाशिवरात्रीपासून रंगपंचमीपर्यंत ज्याच्या कळ्या मालवा मिलच्या सब्जी मंडीत ढिगानं दिसतात तो कांचन, म्हणजे इकडचा कचनार. दोघांचं पान उंटाच्या खुरासारखं मधोमध दुभंगलेलं, दोघांची फुलं गुलाबी-जांभळी, म्हणून गल्लत होते, आणि कळ्यांची भाजी करायची असेल तर ही गल्लत महागात पडते कारण ऑक्टोबरमध्ये उत्साहानं कळ्या तोडून आणतात आणि मग ती चव येत नाही म्हणून कचनारलाच नावं ठेवतात.

सगळ्यात सोपी खूण म्हणजे फुलताना झाडावर पानं आहेत का ते बघा. कांचन पानं गाळून फुलतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये अख्खं झाड नुसतं फुलांचं. देवकांचन सप्टेंबर ते डिसेंबर, भरगच्च पानांतच फुलतो. फूल हातात घेतलंत तर आणखी कळतं: कांचनच्या पाकळ्या रुंद, एकमेकींवर चढलेल्या, त्यातल्या एकीवर गडद रेघा आणि मध्ये पाच पुंकेसर, तर देवकांचनच्या पाकळ्या अरुंद, मध्ये मोकळी जागा सोडून बसलेल्या आणि पुंकेसर बहुतेक तीनच. पान देवकांचनचं जवळजवळ अर्ध्यापर्यंत चिरलेलं, कांचनचं त्याहून कमी. आणि भाजीवाल्याकडे तर फूलही नसतं, पानही नसतं, तिथे कळी दोन बोटांत फिरवून बघायची. कांचनची कळी गुळगुळीत लागते, देवकांचनच्या कळीवर लांबीभर उठलेल्या कडा असतात, त्या बोटाला लगेच कळतात.

आता खाण्याचं. कांचनच्या घट्ट मिटलेल्या कळ्याच घ्या, उमललेल्या नको. देठ काढून मिठाच्या पाण्यात उकळायच्या आणि ते पाणी ओतूनच द्यायचं, कारण कडू-तुरटपणा सगळा त्यात उतरतो, मग दाबून पिळायच्या. इकडे कांदा परतून घोटलेल्या दह्यात करतात, आपल्या मराठी घरांत हिंग-मोहरीच्या फोडणीवर बेसन पेरून कोरडी करतात आणि मला विचाराल तर पीठ पेरलेलीच जास्त छान, दह्यात कळीचा स्वतःचा तो किंचित तुरट स्वाद हरवतो. वरून जिरावन, म्हणजे इंदूरचा चटपटीत कोरडा मसाला, भुरभुरवला की पोळीबरोबर दुसरं काही लागत नाही. उरलेल्या कळ्यांचं रायतंही होतं.

देवकांचनच्या कळ्या विषारी वगैरे अजिबात नाहीत, पण त्याची खरी किंमत कोवळ्या पाल्याला आहे. झारखंडकडे त्यालाच कोइनार साग म्हणतात आणि आदिवासी घरांत ती रोजच्या जेवणातली भाजी आहे. आपण शहरात फुलांसाठी झाड लावतो आणि पाल्याकडे बघतही नाही, हे मला खरंच खटकतं.

औषधातही दोघं वेगळे. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात कांचनार आणि कोविदार अशी दोन नावं शेजारी शेजारी आहेत, कोविदार म्हणजे देवकांचन असं बहुतेक वैद्य मानतात. गळ्याच्या गाठींसाठी, म्हणजे गंडमाळेसाठी जो कांचनार गुग्गुळ देतात तो शार्ङ्गधर संहितेतला, त्यात कांचनची साल, त्रिफळा, त्रिकटू, वरुण, वेलची, दालचिनी, तमालपत्र आणि गुग्गुळ असतो. हल्ली थायरॉइड म्हटलं की कोणीही हा सुचवतं, पण थायरॉइडची चालू गोळी बंद करून हा सुरू करणं अगदी चूक आहे, आणि रस्त्यावरच्या झाडाची साल खरवडून घरी काढा करणं तर नकोच, माणसालाही नको आणि झाडालाही नको. भाजी खा की, ती सगळ्यांची आहे.

दसऱ्याला आणखी एक घोटाळा होतो, सोनं म्हणून कांचनच्या फांद्या तोडतात. आपट्याचं पान त्याच्याहून खूप लहान आणि जाडसर असतं, फुलंही बारीक पांढरट, एकदा दोन्ही शेजारी ठेवून बघितलं की परत चुकणार नाही.

आणि नर्सरीतून कळ्यांसाठी रोप घेणार असाल तर नुसतं कचनार म्हणून मागू नका, मूळ झाड कधी फुलतं ते विचारा. तिथे एक तिसरंही मिळतं, या दोघांच्याच संकरातून हाँगकाँगला सापडलेलं, ज्याचं फूल त्यांच्या झेंड्यावर आहे. ते दिसायला सुंदर, फुलं मोठी, पण त्याला शेंगाच धरत नाहीत. फांदीवर चपट्या शेंगा लटकलेल्या दिसल्या तर ते झाड या दोघांपैकी एक, मग फक्त महिना बघायचा.