वेकबोर्ड आता मोठी माणसं करतात का? (आणि दोरी का ओढायची नाही)

वेकबोर्ड म्हणजे पायात फळी घट्ट बसवून, बोटीची दोरी धरून पाण्यावरून घसरत जायचा खेळ. गोव्यात शापोरा नदीवर आम्ही तो शिकवतो. या हंगामात फोनवर सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हा: "वेकबोर्ड अजून कोणी करतं का हो? हल्ली सगळे ते दोरी सोडून लाटेवर उभे राहतात. ते आहे का तुमच्याकडे?" त्याला जोडूनच दुसरा: "मी पंचेचाळीसचा आहे, जमेल ना?" रोज तीच उत्तरं देऊन आमच्या तांडेलाचा, म्हणजे बोट चालवणाऱ्याचा, घसा बसतो, म्हणून हा कागद छापून घेतला. फेरीआधी चहा घेता घेता वाचा. बाकीचं विसरलात तरी चालेल, पण दोरीचा भाग विसरू नका. तुमची निम्मी फेरी त्यात वाया जाते.

तुम्ही रीलमध्ये पाहिलेला तो वेकसर्फ. त्यात बोट हळू चालते, ताशी १६ ते १९ किलोमीटर. बोटीच्या पोटात टाक्या असतात आणि त्यात शेकडो किलो पाणी भरतात. त्या वजनाने बोट पाण्यात दबते आणि मागे चांगली उंच लाट उठते. माणूस आखूड दोरी धरून उभा राहतो, तोल सापडला की दोरी बोटीत फेकतो आणि बोटीपासून ५ ते १० फुटांवर त्या लाटेवरून घसरत राहतो. पाय फळीवर मोकळे असतात. पडला तर पाण्यात बसल्यासारखा पडतो, फारसं लागत नाही. चाळिशीपुढच्या लोकांना हे आवडलं यात नवल नाही. अमेरिकेतल्या तळ्यांवर अनेक कुटुंबं वेकबोर्ड सोडून सर्फकडे वळली, बोटी बनवणारेही त्याच हिशेबाने बोटी बनवायला लागले. हे आम्ही लपवत नाही.

वेकबोर्डमध्ये पाय बुटात घट्ट बसवलेले असतात आणि दोरी शेवटपर्यंत हातात असते. नवख्यांना आम्ही साधारण ५० फूट दोरी देतो, मुरलेल्यांना ६५ ते ७० फूट. वेग नवख्यांसाठी ताशी २५ ते २८ किलोमीटर, पुढे ३५ पर्यंत. म्हणजे सर्फच्या दीडपट-दुप्पट. पडलात तर पाणी थोडं कडक लागतं, हेही खरं.

आता, वेकसर्फ आमच्याकडे का नाही. आमच्या बोटीला मागे बाहेरच्या बाजूला टांगलेलं इंजिन आहे, गोव्यातल्या बहुतेक छोट्या बोटींना असतं तसंच. त्याचा पंखा बोटीच्या मागच्या फळीच्याही मागे फिरतो. सर्फवाला असतो ५ ते १० फुटांवर. लाटेने त्याला पुढे ढकललं की तो थेट पंख्याकडे जातो. वेकसर्फच्या बोटींचा पंखा बोटीच्या पोटाखाली, मागच्या कडेच्या बराच आत असतो. २०१५ पासून पंखा पुढच्या बाजूला असलेली, तेवढ्यासाठीच बनवलेली इंजिनंही निघाली आहेत. अशी नवी बोट अमेरिकेतच लाखभर डॉलरच्या पुढे जाते, ती इथे आणून शापोऱ्यात चालवायची म्हणजे आमचं घर गहाण टाकावं लागेल. शिवाय बोटीला इतकं चिकटून राहिलं की इंजिनाचा धूर तोंडात जातो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, गुंगी आली की मगच कळतं.

"आम्ही जास्त पैसे देतो, पाच मिनिटं करून द्या" असं सांगणारे दर आठवड्याला भेटतात. त्यांना नमस्कार. दुसरीकडे कुठे असं करून मिळालं, तर पाण्यात उतरण्याआधी एकदा इंजिन कुठे आहे ते बघा. एवढं बघायला पैसे पडत नाहीत.

आणखी एक गोष्ट नदीची. शापोऱ्याच्या दोन्ही काठांना खाजनाचे, म्हणजे नदीकाठच्या सखल शेतांचे, बांध आहेत, माती-दगडाचे, पिढ्यान् पिढ्या जपलेले. मोठी लाट पुन्हा पुन्हा आपटली की बांधाची माती सुटते आणि खारं पाणी शेतात शिरतं. अमेरिकेतल्या व्हर्मॉंट राज्याने २०२४ साली असा नियम केला की वेकसर्फची लाट काठापासून ५०० फूट लांब आणि निदान २० फूट खोल पाण्यातच उठवायची. इथे सुकतीला रेतीचे पट्टे उघडे पडतात, बायका गुडघाभर पाण्यात तिसऱ्या (शिंपल्या) काढत असतात. २० फूट खोल पाणी आणायचं कुठून? वेकबोर्डाला आमच्या बोटीची लहानशी लाट पुरते. नवख्याला तर ती जितकी लहान तितकी बरी. आणि जाळ्याच्या खुंटांजवळून किंवा होडीजवळून जाताना तांडेल वेग पार कमी करतो, तेव्हा "इतका हळू का?" असं विचारू नका. तो शेजाऱ्याचं जाळं वाचवत असतो. उद्या त्याच माणसाकडून त्याला बांगडे घ्यायचे असतात.

आता वयाचा प्रश्न. वेकबोर्ड हा पोराटोरांचा खेळ, हा समज कुठून आला कोण जाणे. १९८५ साली सॅन दिएगोत टोनी फिन या सर्फरने बोटीमागे ओढायची 'स्कर्फर' नावाची फळी आणली. १९९० च्या सुमारास हर्ब ओब्रायन यांनी पाण्यात धड बुडतही नाही आणि बुचासारखी वर उसळतही नाही अशी फळी बनवली आणि खेळ पसरला. १९९६ पासून २००५ पर्यंत तो एक्स गेम्समध्येही होता. त्या काळी विशीत असलेली माणसं आज पन्नाशीच्या आसपास आहेत आणि त्यातली बरीच अजून फळीवर उभी राहतात, फक्त उड्या कमी मारतात. आमच्याकडे येणाऱ्यांतही पस्तीस ते पंचावन्न या वयाचेच जास्त. पोरं बंपर राइड (बोटीमागे ओढलेली हवेची गादी) मागतात, पाच मिनिटं ओरडून घेतात आणि नारळपाण्याकडे पळतात. मोठी माणसं ऐकतात. म्हणून लवकर शिकतात. एक गोष्ट सोडून.

ती म्हणजे दोरी.

पाण्यात तुम्ही पाठीवर तरंगता, फळी आडवी समोर, गुडघे छातीशी, हात सरळ गुडघ्यांच्या दोन्ही बाजूंनी. बोट हलते, दोरी ताणली जाते, आणि त्याच क्षणी दहातली आठ माणसं हात मुडपून दोरी छातीशी ओढतात आणि ताडकन उभं राहायला बघतात. विहिरीतून घागर शेंदावी तसं. दोरी तुम्ही ओढली की ती क्षणभर सैल होते, दुसऱ्या क्षणी बोट तिला झटका देते आणि तुम्ही नाकावर पुढे पडता. किंवा पाय आधीच सरळ झालेले असतात, मग फळी पाण्यावर चढण्याऐवजी नांगरासारखी पाणी अडवते, तो सगळा भार तुमच्या हातांवर येतो आणि दोरीच्या टोकाची दांडी सुटते.

रस्सीखेच नाही ही. समोर शंभराहून जास्त घोड्यांचं इंजिन आहे, त्याला ओढू द्या.

करायचं ते इतकंच: उकिडवं बसलेले राहा. फळी वर येईपर्यंत बसूनच राहा. आपल्याला वाटतं त्यापेक्षा तीन सेकंद जास्त बसा. हात लांब, कोपर सरळ, टाचा बुडाकडे, नजर बोटीवर. पाण्याकडे बघितलं की डोकं खाली जातं आणि डोक्यामागोमाग बाकीचे आपण. फळी पाण्यावर चढल्याचं तळपायाला कळतं, पाण्याचा जोर अचानक हलका होतो. मग खुर्चीवरून उठतो तसं सावकाश उठायचं, दांडी पुढच्या पायाच्या बाजूला कंबरेजवळ ठेवायची आणि फळीचं टोक हळूच बोटीकडे वळू द्यायचं. आमचं एक निरीक्षण आहे, हसू नका: ज्यांना अजून उकिडवं बसून भाजी निवडता येते त्यांना ही सुरुवात पटकन साधते. कमोडवर वाढलेल्यांना दोन दिवस लागतात.

गेल्या जानेवारीत कोल्हापूरचे एक काका आले होते, बावन्न वर्षांचे, मुलीबरोबर. खांदे पैलवानाचे. मुलगी दुसऱ्या प्रयत्नात उभी राहिली, काका चौथ्यातही नाही. प्रत्येक वेळी तांडेल बोटीतून ओरडायचा, "ओडूं नाका, काका!" आणि काका प्रत्येक वेळी आधीपेक्षा जोरात ओढायचे, कारण ताकद होती ना अंगात. पाचव्या वेळेला ते इतके दमले की ओढायची ताकदच उरली नाही. नुसते दांडीला लोंबकळत राहिले, आणि फळी आपसूक वर आली. पुलाच्या दिशेने दोनशे मीटर गेले असतील. परतल्यावर म्हणाले, "च्यायला, काहीच करायचं नव्हतं की!" तेव्हापासून तांडेल नवख्यांना सांगतो, सुरुवातीला आळशी व्हा, गोव्यात आलाच आहात.

या चुकीचा हिशेबही सांगतो. एकदा पडलात की बोट वळून येते, दोरी पुन्हा तुमच्या हाताशी आणायची, तुम्ही सावरून बसायचं, यात दीड-दोन मिनिटं जातात. फेरी वीस मिनिटांची. पाच वेळा ओढलीत की निम्मी फेरी गेली, आणि मग तक्रार येते की वेळ कमी दिला. घड्याळ आम्ही पहिल्या ओढीपासून लावतो, बोटीत बसल्यापासून नाही. पण तुमचं पडणं आम्ही भरून देऊ शकत नाही. म्हणून पाण्यात उतरण्याआधी दहा मिनिटं माडाखाली गवतावर सराव घेतो: तुम्ही बुटात पाय घालून बसता, आमचा पोरगा दोरीचं दुसरं टोक धरून तुम्हाला उभं करतो. त्याचे पैसे लागत नाहीत. तरीही काही जण "ते कळलंय हो, यूट्यूबवर बघितलंय" म्हणून टाळतात. सराव टाळणाऱ्यांना आम्ही पाण्यात सोडत नाही. उद्धटपणा वाटला तर वाटू द्या.

एकदा उभे राहिलात की पुढची चूक फळीच्या कडेची. चालत्या बाजूची कड पाण्यात रुतली की माणूस आपटतो, कळायच्या आतच. गुडघे किंचित वाकलेले आणि वजन टाचांवर थोडं जास्त ठेवलं की हे टळतं. आणि पडताय असं वाटलं की दांडी सोडा. लगेच. खांदे दुखवून घेणारे बहुतेक जण शेवटपर्यंत धरून राहणारे असतात.

गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झालेली, खांदा निखळण्याची सवय असलेली, कंबरेत मणका सरकलेली माणसं आणि गरोदर बायका यांना आम्ही घेत नाही. बोटीत बसून या, फोटो काढा. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. पोहता येत नसेल तरी चालेल, पण जॅकेट घालून पाण्यात तोंड बुडालं तर घाबरणार नसाल तरच. हुर्राक (काजूची दारू) किंवा बियर पोटात असेल तर फेरी रद्द, पैसे परत नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये यावरून भांडणं होतात, म्हणून स्पष्ट लिहिलं.

वेळ ठरवताना एक समजून घ्या. शापोरा ही भरती-ओहोटीची नदी आहे, भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. आम्हाला लागतं भरून आलेलं, थांबलेलं पाणी. त्यामुळे आज सकाळी आठला असलेली फेरी परवा पावणेदहाला असू शकते. त्यात दुपारी बारानंतर समुद्राकडून वारा सुटतो आणि पाणी खडबडतं. म्हणून सकाळी भरती असलेले दिवस आधीच भरतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत येणार असाल तर हॉटेल घेण्याआधी आम्हाला फोन करा, तारखांसमोर भरतीची वेळ लिहून पाठवतो. उधाणाच्या दिवसांत ओढ जास्त असते, नवख्यांना भांगाचे, म्हणजे लहान भरतीचे, दिवस बरे. मांडवीत का नेत नाही, असं विचारतात: तिथे कॅसिनो, फेरीबोटी, बार्ज. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, त्या बघायला वेगळ्या बोटी जातात. पावसाळ्यात आम्ही बंद असतो, त्या काळात फोन केलात तर तांडेल झोपलेला असेल.

पहिल्या दिवशी दोन फेऱ्यांपेक्षा जास्त घेऊ नका, आम्हीच देणार नाही. दुसऱ्या दिवशी हातात चहाचा कप धरताना कोपरापुढचा भाग थरथरतो, तिसऱ्या दिवशी उतरतं. तीन दिवसांच्या मुक्कामात पहिल्या आणि तिसऱ्या सकाळी एकेक फेरी घेणाऱ्यांना सगळ्यात जास्त येतं, आणि दोन्ही एकदम ठरवल्या तर दर कमी लावतो. दोघांनी मिळून एक तास घेतला तर एक पाण्यात असताना दुसरा बोटीतून बघतो, त्याला दुसऱ्याची चूक दिसते, हाही फायदाच. नवरा-बायको असाल तर एकमेकांना सूचना देण्याचं काम मात्र तांडेलावर सोपवा.

येताना जुना, अंगाला बसणारा टी-शर्ट आणा, पांढरा नको. गाळाचा डाग जात नाही. अंगठी, साखळी, चष्मा गाडीतच ठेवा. बुटात पाय घालायला साबणाचं पाणी आम्ही देतो.