धनुष्याचा आवाज आणि हरणाचे दबकणे

बाण सुटताना धनुष्याचा जो आवाज होतो, तो कानी पडताच हरीण दचकून अंग खाली घेते आणि आवाजामागून येणारा बाण त्याच्या पाठीवरून निघून जातो किंवा नको तिथे लागतो. उत्तर अमेरिकेतील तिरंदाज शिकारी या प्रतिक्रियेला ‘जंपिंग द स्ट्रिंग’ म्हणतात. नावात उडी असली तरी पहिली हालचाल उडीची नसते, बसकण मारण्याची असते. हा प्रकार सर्वांत जास्त बोलला जातो तो पांढऱ्या शेपटीच्या हरणाबाबत. शास्त्रीय नाव ओडोकॉइलियस व्हर्जिनिएनस. कॅनडाच्या दक्षिण भागापासून पेरूपर्यंत आढळणारे हे हरीण अमेरिकेतील धनुष्यबाणाच्या शिकारीचे मुख्य लक्ष्य आहे.

हरीण बाण पाहते, अंदाज घेते आणि हुलकावणी देते, असा समज शिकाऱ्यांतही पुष्कळ आहे. तो खरा नाही. हरणाला बाणाची कल्पना नसते. त्याला ऐकू येतो तो जवळच झालेला एक अनोळखी, तुटक आवाज, आणि त्यावर ते पळायला निघते. उभ्या जागेवरून झेप घ्यायची तर पाय आधी दुमडावे लागतात. खो-खोत सुटण्याआधी गडी गुडघ्यात वाकतो, तसेच हे. म्हणजे बाण चुकतो तो पळण्याच्या तयारीत. संथगती चित्रीकरणात हा क्रम स्वच्छ दिसतो. कान वळतात, पुढचे पाय ढिले पडतात, छाती खाली येते, धड आवाजाच्या विरुद्ध बाजूला वळते आणि मग मागचे पाय जमिनीला रेटा देतात. बाण पोहोचतो तो बहुधा छाती खाली येत असताना.

गणित : हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो. आजच्या कंपाउंड, म्हणजे टोकांना चाके बसवलेल्या, धनुष्याचा शिकारी बाण सेकंदाला ८० ते ९० मीटर जातो. साध्या लाकडी किंवा रिकर्व्ह (टोके पुढे वळलेल्या) धनुष्याचा बाण ४५ ते ६०, तर नव्या क्रॉसबोचा, म्हणजे बंदुकीसारखा खटका असलेल्या आडव्या धनुष्याचा, १००च्या वर. थोडक्यात, आवाज बाणाच्या तिप्पट ते सातपट वेगाने हरणापर्यंत पोहोचतो, आणि या दोहोंमधल्या फटीतच सगळे घडते.

बाणाचा वेग ८५ मीटर धरला तर १८ मीटरवर, म्हणजे शिकाऱ्यांच्या भाषेत २० यार्डांवर, आवाज ०.०५ सेकंदात आणि बाण ०.२१ सेकंदात पोहोचतो. हरणाच्या हाती ०.१६ सेकंद राहतात. २७ मीटरवर ०.२४ सेकंद आणि ३६ मीटरवर ०.३२ सेकंद. आवाज ऐकल्यापासून अंग हलायला लागेपर्यंत ०.१ सेकंद जातो असे हिशेबापुरते मानू. उरलेल्या वेळात हरीण किती खाली येईल, हे गुरुत्वाकर्षण ठरवते, कारण पाय शरीराला खाली ओढू शकत नाहीत, फक्त आधार काढून घेऊ शकतात. कितीही चपळ हरीण असले तरी ढोबळमानाने ते पडणाऱ्या दगडापेक्षा वेगाने खाली येत नाही. या हिशेबाने १८ मीटरवर त्याचे धड दोन सेंटिमीटरही खाली येत नाही, २७ मीटरवर जवळजवळ दहा सेंटिमीटर येते आणि ३६ मीटरवर तेवीस. या हरणाच्या छातीत हृदय-फुफ्फुसांचा जो भाग बाणाने साधायचा असतो, त्याची उंची साधारण २० ते २५ सेंटिमीटर असते. म्हणजे १८ मीटरवर जे हरीण बेसावध असो वा सावध, काही फरक पडत नाही, तेच दुप्पट अंतरावर नेम अचूक असूनही हातचे जाते. वेळ दुप्पट झाली की घसरण दुप्पट होत नाही, वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. अंतराचा मुद्दा इतका निर्णायक आहे तो यामुळे.

धनुष्य बनवणाऱ्या कंपन्या वेगाचे आकडे मोठ्या अक्षरांत छापतात. वरच्याच हिशेबात वेग ८५ ऐवजी ९१ मीटर घेतला तर २७ मीटरवर वाचतात जेमतेम तीन सेंटिमीटर. त्याऐवजी शिकारी पाच मीटर जवळ असता तर पाच सेंटिमीटर वाचले असते, आणि तेही फुकटात. क्रॉसबोचा वेग खरोखर उपयोगी पडतो, पण त्याचा आवाजही तसाच मोठा असतो.

कान : हरणाला माणसाच्या कितीतरी पट बारीक ऐकू येते, हेही अर्धसत्य आहे. या हरणाच्या श्रवणक्षमतेची वर्तनावर आधारित चाचणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. तीत ६० डेसिबल पातळीचे ध्वनी त्याला सुमारे ११५ हर्ट्‌झपासून ५४ किलोहर्ट्‌झपर्यंत ऐकू येतात आणि ८ किलोहर्ट्‌झच्या आसपास कान सर्वांत तीक्ष्ण असतो, असे आढळले. माणसाची वरची मर्यादा २० किलोहर्ट्‌झची. तेव्हा उंच पट्टीत हरीण आपल्या बरेच पुढे आहे, पण किती हळू आवाज ऐकू येतो या बाबतीत फरक फार मोठा नाही. त्याची खरी मिळकत म्हणजे दोन स्वतंत्रपणे फिरणारे मोठे कान आणि ऐकलेल्या आवाजाकडे दुर्लक्ष न करण्याची सवय. धनुष्यातली धातूवर धातू घासल्याची किरकिर, सैल स्क्रूची थरथर हे आवाज उंच पट्टीतले. जंगलात फांदी मोडते, खार पाचोळ्यात धावते, त्यांचा ठसा वेगळा असतो.

आवाज येतो कुठून? ताणलेल्या धनुष्यात साठलेली सगळी ऊर्जा बाणाला मिळत नाही. उरलेली प्रत्यंचेत, धनुष्याच्या पात्यांत आणि त्यावर लावलेल्या सामानात कंपने होऊन फिरते आणि आवाज बनते. बाण जड असेल तर तो ऊर्जेचा मोठा वाटा घेऊन जातो आणि धनुष्य शांत राहते. हलका बाण वेगाने जातो, पण मागे खणखणाट ठेवतो. वेग आणि शांतता यांची ही ओढाताण कुठल्याही धनुष्यात पुरती सुटत नाही. पुराणकथांत धनुष्याचा टणत्कार हे वीराचे भूषण असते. शिकारीत तोच दोष ठरतो. म्हणून प्रत्यंचेवर बीव्हर किंवा पाणमांजराच्या फरच्या पट्ट्या, लोकरीचे गोंडे, रबराचे झुपके बांधतात. पात्यांवर रबरी दट्टे बसवतात, बाण टेकतो तिथे फेल्ट चिकटवतात, भाता सैल नाही ना हे हलवून पाहतात. याखेरीज उडणारा बाण स्वतःही आवाज करतो. मोठी पिसे फडफडतात आणि बाणाच्या टोकाचे खाचा असलेले पाते हवेत शीळ घालते. हा आवाज हरणाच्या दिशेनेच सरकत असतो, त्यामुळे धनुष्य कितीही मुके केले तरी हरणाला पूर्ण गाफील ठेवता येत नाही.

हरणाची मनःस्थिती : एकाच अंतरावर, एकाच धनुष्याच्या आवाजाला एक हरीण जमिनीला पोट टेकेल इतके दबकते आणि दुसरे नुसते मान वळवते. मान ताठ, कान पुढे रोखलेले, पुढचा खूर जमिनीवर आपटणे ही सावधपणाची लक्षणे. अशा हरणाचे स्नायू आधीच ताणलेले असतात, आणि अनुभवी शिकारी त्यावर बाण सोडत नाहीत. चालते हरीण थांबवण्यासाठी तोंडाने ‘म्यॅ’ असा आवाज काढण्याची पद्धत अमेरिकेत रूढ आहे. ती दुधारी आहे. हरीण थांबते खरे, पण कान टवकारूनच थांबते. चरणारे, मान खाली घातलेले हरीण सर्वांत निवांत दिसते. तरी काही शिकाऱ्यांच्या मते तेच जास्त खाली येते, कारण झटक्यात डोके वर उचलताना छातीला खालच्या दिशेने रेटा मिळतो. टेक्सास आणि दक्षिणेकडील राज्यांतील हरणे उत्तरेकडच्यांपेक्षा अधिक बुजरी असतात, आणि म्यूल डिअर किंवा एल्क ही दुसऱ्या जातींची हरणे एवढी दचकत नाहीत, असेही सांगतात. ही शिकाऱ्यांमधली निरीक्षणे आहेत, मोजमाप नव्हे. वाऱ्याच्या दिवशी पानांच्या सळसळीत धनुष्याचा आवाज झाकला जातो. थंड, निवांत पहाटे तो सुटा आणि स्पष्ट पोहोचतो.

यावरचा रूढ उपाय म्हणजे छातीच्या मध्यावर नेम न धरता खालच्या तिसऱ्या भागावर, हृदयावर, धरणे. हरीण हलले नाही तर बाण हृदयाला लागतो, दबकले तर फुफ्फुसांना. बाण पाठीवरून निघून गेला तर नुकसान फक्त शिकाऱ्याच्या अहंकाराचे. वाईट प्रसंग मधला. छाती थोडीशीच खाली आली की बाण फुफ्फुसांच्या वर, पाठीच्या स्नायूंत रुततो. धड वळले तर पोटात. असे जनावर मैलभर जाते, आणि सापडेलच असे नसते. अमेरिकेतील शिकारी-प्रशिक्षणात जवळून, बेसावध जनावरावरच बाण सोडा असे सांगतात त्यामागे हे कारण आहे. बाणाच्या शिकारीवर आक्षेप घेणाऱ्यांचा मुख्य मुद्दाही जखमी होऊन निसटणाऱ्या जनावरांचाच असतो, आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही.

इतिहास : अमेरिकेत धनुष्याच्या शिकारीचे पुनरुज्जीवन ‘याही’ नावाच्या मूळ अमेरिकी जमातीतल्या इशी या माणसापासून सांगतात. १९११ मध्ये तो कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल येथे आढळला आणि १९१६ मध्ये वारला. मधल्या वर्षांत त्याने सॅक्स्टन पोप या शल्यविशारदाला धनुष्य बनवायला आणि वापरायला शिकवले. इशीचा भर लांब नेमबाजीवर नव्हता, हरणाच्या अगदी जवळ जाण्यावर होता. १९३४ मध्ये विस्कॉन्सिनने धनुष्यबाणासाठी वेगळा शिकार-हंगाम ठेवला. कंपाउंड धनुष्यासाठी मिसुरीच्या होलिस विल्बर ॲलन यांनी १९६६ मध्ये अर्ज केला आणि १९६९ मध्ये पेटंट मिळवले. या धनुष्याने शिकाऱ्यांचे अंतर वाढले, आणि अंतराबरोबर दबकण्याची डोकेदुखीही वाढली.

आज ही शिकार उपनगरांपर्यंत आली आहे. व्हर्जिनियातील फेअरफॅक्स काउंटीत वाढती हरणे आटोक्यात ठेवायला तिरंदाजांची योजना राबवली जाते, कारण वस्तीजवळ बंदूक चालवणे धोक्याचे. तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही परसातल्या भाज्या खाणारी ही हरणे चांगली परिचयाची आहेत. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार चितळ, सांबर, भेकर यांची शिकार हा गुन्हा आहे, मग हत्यार बंदूक असो की धनुष्य. आपल्याकडे दचकण्याच्या या सवयीचा अनुभव येतो तो मुख्यतः वन्यजीव छायाचित्रकारांना. आरसा असलेल्या कॅमेऱ्याचा खटका वाजला की चरणारे चितळ मान वर करते आणि पुढची चौकट हलते. आवाज न करणारे कॅमेरे त्यांच्यात पसंत केले जातात त्याचे हे एक कारण.