वाचाघात की जड जीभ? अपघातानंतर ‘बोलता येत नाही’ म्हणजे नेमकं काय

कार अपघातात डोक्याला मार लागलेला रुग्ण शुद्धीवर येतो आणि घरचे सांगतात, ‘त्यांना बोलता येत नाहीये.’ श्वासासाठी गळ्याला छेद देऊन बसवलेली नळी (ट्रॅकिओस्टॉमी) किंवा मोडलेला जबडा हे कारण नसेल, तर या वाक्याखाली दोन निराळे बिघाड असू शकतात. वाचाघातात, म्हणजे अफेजियात, भाषाच विस्कटते. डिसार्थ्रियात भाषा शाबूत असते. ओठ, जीभ, टाळू, स्वरयंत्र आणि श्वासाचे स्नायू मात्र दुबळे किंवा बेताल झालेले असतात.

फरक तोंडापेक्षा कागदावर लवकर कळतो. डिसार्थ्रियाचा रुग्ण ‘पाणी’ हा शब्द जड जिभेने, नाकातून उच्चारेल, पण हात चालत असेल तर मोबाइलवर बरोबर टाइप करेल. वाचाघातात जी अडचण बोलण्यात, तीच लिहिण्यावाचण्यातही. पेला दाखवला तर ‘ते आपलं... प्यायचं...’ म्हणून अडेल, नाहीतर अगदी स्वच्छ उच्चारात ‘चमचा’ म्हणेल. काहीजण अडखळत दोनच शब्द बोलतात, पण बरंचसं समजतं. काहीजण घडाघडा निरर्थक बोलतात आणि आपलं चुकतंय हेही त्यांना कळत नाही. पहिला प्रकार फ्रेंच शल्यचिकित्सक ब्रोका यांनी 1861 मध्ये मांडला, दुसरा जर्मन डॉक्टर वेर्निके यांनी 1874 मध्ये.

समज तपासताना घरचे हमखास फसतात. पेल्याकडे बघत ‘पेला द्या’ म्हटलं, की रुग्ण शब्द नाही, तुमची नजर ओळखतो. तुमचे स्वतःचे हात पाठीमागे ठेवून, रुग्णाच्या मातृभाषेत सांगा: ‘आधी डोळे मिटा, मग डावा हात वर करा.’

आणखी एक गैरसमज. वाचाघात झालेल्याला बायकोचं नाव आठवत नाही, पण एक ते दहा आकडे, शिवी किंवा रोजची आरती सहज निघते. हे सोंग नाही. पाठ झालेलं बोलणं आणि मनातलं नवं वाक्य जुळवणं यांच्या वाटा वेगळ्या आहेत.

अपघातात चित्र पक्षाघाताइतकं स्वच्छ नसतं. वेग एकदम थांबला, की मेंदूचा पुढचा आणि कानशिलाकडचा भाग कवटीच्या खडबडीत आतल्या बाजूवर घासतो, खोलवरचे तंतूही ताणले जातात. त्यामुळे दोन्ही बिघाड एकत्र आढळतात. शिवाय कपाळामागच्या भागाला इजा असेल, तर शब्द आणि उच्चार ठीक असूनही बोलणं भरकटतं; तो तिसराच प्रकार.

वागायची पद्धतही उलटी आहे. वाचाघातात आवाज चढवून उपयोग नाही. छोटं वाक्य, हो-नाहीचा प्रश्न, सोबत चित्र किंवा लिहिलेला शब्द. मग मनात दहा आकडे मोजेपर्यंत गप्प बसा. डिसार्थ्रियात रुग्णाला ताठ बसवा, एका श्वासात दोन-तीनच शब्द बोलायला सांगा, आणि प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर तक्त्यावर दाखवू द्या. मात्रांसकट तक्ता केला तर तो वापरणं जिकिरीचं होतं. क, ख, ग अशी बिनमात्रेची अक्षरं पुरतात.

डिसार्थ्रियात गिळण्याकडेही लक्ष हवं, कारण स्नायू बहुतेक तेच. पाणी पिताना ठसका लागत असेल किंवा नंतर आवाज ओलसर येत असेल, तर तोंडाने देणं थांबवून स्पीच थेरपिस्टकडून आधी गिळण्याची तपासणी करून घ्या.