स्वॅशबकलर चित्रपटाचं कथानक

स्वॅशबकलर म्हणजे तलवारबाजीचा साहसपट. हिरो देखणा, हजरजबाबी आणि अन्यायाने गुन्हेगार ठरवला गेलेला, व्हिलन सत्तेवर बसलेला आणि तलवारीत हिरोच्या तोडीस तोड, खरा राजा दूर कुठेतरी कैदेत, आणि शेवटी किल्ल्याच्या जिन्यावर दोघांची गाठ, हा साचा बघितला नाही असा माणूस सापडणं कठीण, त्यामुळे त्याची ओळख करून देत बसायची गरज नाही. मराठीत याला एक ठरलेला शब्द नाही, साहसपट, पोशाखी चित्रपट, स्टंटपट असं काहीही म्हणतात आणि कुठलाच शब्द पूर्ण बसत नाही, म्हणून इथे मूळ शब्दच ठेवलाय.

या शब्दाची गंमत मात्र जरा सविस्तर सांगायला हवी. बकलर म्हणजे मुठीत धरायची छोटी गोल ढाल, आपल्याकडच्या फरी-गदग्यातली फरी असते तशी काहीशी. स्वॅश म्हणजे खणकन आपटणं, किंवा त्या आपटण्याचा आवाज. शब्द इंग्रजीत साधारण सोळाव्या शतकाच्या मध्यापासून दिसतो आणि तेव्हा ती चक्क शिवी होती, रस्त्यात ढाल बडवत छाती काढून फिरणारा, भांडण उकरून काढणारा मवाली असा अर्थ. शेक्सपिअरच्या 'चौथा हेन्री'च्या दुसऱ्या भागात म्हातारा शॅलो तरुणपणीच्या उनाडक्या आठवताना याचाच एक भाऊ, स्विंजबकलर, वापरतो. थॉमस फुलरच्या १६६२ साली, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर छापलेल्या ग्रंथात लंडनच्या वेस्ट स्मिथफील्ड भागाला पूर्वी गुंडांचा अड्डा म्हणायचे आणि ढालीवर आवाज करतात म्हणून त्या लोकांना हे नाव पडलं असं दिलंय. आता आवाज स्वतःच्या ढालीवर करायचा की समोरच्याच्या, यावर दोन मतं आहेत. स्वतःच्या ढालीवर, हे फुशारकीच्या अर्थाशी जास्त जुळतं. व्याकरणाच्या बाजूने बघितलं तर हा शब्द आपल्या 'घरबुडव्या'सारखा आहे, क्रियापद आणि त्याचं कर्म जोडून केलेला, म्हणजे शेवटचा 'अर' हा करणाऱ्याचा प्रत्यय नाहीच, तो ढालीच्या नावातलाच आहे. पण पुढे लोकांना तो प्रत्यय वाटला आणि त्यांनी तो काढून उलट 'स्वॅशबकल' असं क्रियापदच तयार केलं. आणि एवढं सगळं होऊन ज्या पिक्चरांना हे नाव चिकटलं त्यांत ती छोटी ढाल क्वचितच दिसते.

चित्रपटातला उगम कुठे धरायचा यावरही एकमत नाही. इंग्लंडच्या लोककथांतल्या रॉबिन हूडवर १९१२ सालीच एक मूकपट झाला होता, त्यामुळे 'पहिला' हा शब्द जपून वापरावा. तरी साचा पक्का झाला तो हॉलिवूडचा नट डग्लस फेअरबँक्सच्या १९२० च्या 'द मार्क ऑफ झोरो'पासून, असं मानणं जास्त सोयीचं आहे. त्याची कथा जॉन्स्टन मकलीने आदल्या वर्षी एका साप्ताहिकात क्रमशः लिहिली होती. त्याच्याही मागे ड्यूमाचे मस्केटियर (१८४४), अँथनी होपचा झेंडाचा कैदी (१८९४), बॅरोनेस ऑर्त्सीचा स्कार्लेट पिंपरनेल (आधी नाटक १९०३, मग कादंबरी १९०५) आणि नंतर राफाएल साबातिनी अशी कादंबऱ्यांची रांग आहे. दिवसा बावळट उमराव आणि रात्री मुखवटा घातलेला वीर ही जोडी झोरोला बहुतेक पिंपरनेलकडून मिळाली असावी.

कथानक समजून घ्यायला १९३८ चा 'द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड' घेतला की पुरतं. वॉर्नर ब्रदर्सचा, टेक्निकलरमधला, सुमारे १०२ मिनिटांचा, तोवरच्या त्यांच्या सगळ्यात खर्चिक पिक्चरांपैकी एक. सुरुवात विल्यम केइलीने केली आणि मध्येच मायकल कर्टिझला आणलं, म्हणून दिग्दर्शक म्हणून दोघांचीही नावं आहेत. शेरवूडचं जंगल म्हणून जे दिसतं ते कॅलिफोर्नियातल्या चिको गावचं बिडवेल पार्क.

सुरुवातीलाच कळतं की राजा रिचर्ड धर्मयुद्धावर गेलाय, परतताना ऑस्ट्रियात पकडला गेलाय, आणि खंडणी गोळा करायच्या नावाखाली भाऊ जॉन सॅक्सन रयतेला, म्हणजे नॉर्मन लोकांनी जिंकलेल्या मूळच्या इंग्रज जनतेला, पिळतोय. (पिक्चर हे सगळं ११९१ मध्ये टाकतो, खरी अटक डिसेंबर ११९२ मधली आहे.) मच नावाचा गरीब सॅक्सन राजाचं हरीण मारतो, जॉनचा सरदार सर गाय ऑफ गिझबोर्न त्याला पकडतो आणि रॉबिन मध्ये पडतो. इथे बघा, हिरोची पहिली कृती स्वतःसाठी नाहीच. दुसऱ्याचा गुन्हा तो स्वतःच्या खांद्यावर घेतो, आणि तेही अगदी शब्दशः, कारण लगेच पुढच्या मोठ्या प्रसंगात तो हरीण खांद्यावर टाकून जॉनच्या भर मेजवानीत शिरतो, ते टेबलावर आपटतो, जेवायला बसतो आणि गप्पा मारल्यासारखा बंड जाहीर करतो. मग दारं बंद, बाण, खुर्च्या उलट्यापालट्या, आणि हिरो पसार. इथून पुढे त्याची जमीनजुमला जप्त आणि डोक्यावर इनाम.

मग साथीदार जमवायचा भाग येतो. लिटल जॉनशी ओंडक्यावर लाठ्यांची मारामारी, फ्रायर टक या संन्याशाच्या पाठीवर बसून ओढा ओलांडणं. दोन्हीकडे आधी भांडण मग दोस्ती, आणि लिटल जॉनशी तर हिरो हरतो, ओढ्यात पडतो आणि हसतो. हरल्यावर हसता येणं ही या प्रकारातली हिरोची परीक्षा आहे, व्हिलनला ते कधीच जमत नाही. यानंतर खजिन्याच्या काफिल्यावर जंगलात छापा, आणि मेजवानीच्या प्रसंगाची उलटी आवृत्ती, आता जेवण रॉबिनचं आणि पाहुणे म्हणजे फाटके कपडे घालून बसवलेले सर गाय आणि नॉटिंगहॅमचा शेरीफ. काफिल्यासोबतची नायिका मॅरियन इथे पहिल्यांदा छळलेली माणसं बघते.

मॅरियनबद्दल सहसा 'नायिका, प्रेमप्रकरण' एवढंच लिहून सोडतात, ते बरोबर नाही. रॉबिन पहिल्या फ्रेमपासून शेवटपर्यंत तसूभरही बदलत नाही. बदलते ती मॅरियन, राजाच्या पालकत्वाखाली वाढलेली नॉर्मन मुलगी, तुच्छतेपासून कटात सामील होण्यापर्यंत येते. मधला कळीचा भाग तर तिच्यावरच उभा आहे, सोन्याच्या बाणाची तिरंदाजी स्पर्धा हा सापळा असतो, रॉबिन समोरच्याचा बाण चिरून जिंकतो आणि पकडला जातो, फाशी ठरते, आणि सुटकेची योजना मॅरियन पुरवते. पुढे रिचर्डला मारायचा कटही तीच ऐकते आणि त्यासाठी कैदेत जाते. म्हणजे दोन वेळा कथा पुढे ढकलते ती हीच, तलवार मात्र दुसऱ्याच्या हातात.

शेवटाकडे राजा मठाधिपतीच्या वेषात जंगलात येतो, ओळख देतो, सगळे मिळून संन्याशांच्या झग्यात जॉनच्या राज्याभिषेकाच्या मिरवणुकीतून किल्ल्यात घुसतात, लढाई पेटते आणि त्या गर्दीतून कॅमेरा रॉबिन आणि गाय या दोघांनाच वेगळं काढतो. हे द्वंद्व तलवारबाजीचा उस्ताद फ्रेड कॅवेन्सने बसवलेलं. पडद्यावर तलवारीची हालचाल खऱ्यापेक्षा मोठी आणि प्रेक्षकाला कळेल अशी हवी, अशी त्याची पद्धत होती. बाराव्या शतकातली जड तलवार अशी नाचवता येत नाही हे खरंच, पण तो आक्षेप इथे लागू करण्यात अर्थ नाही. खांबावरच्या मोठ्या सावल्या ही कर्टिझची खूण. गायचं काम करणारा बेसिल रॅथबोन तलवारीत रॉबिन झालेल्या एरॉल फ्लिनपेक्षा सरस होता असं सर्रास सांगतात, आणि मरायचं मात्र त्यालाच होतं. गाय मरतो, जॉन हद्दपार होतो, रॉबिनला सरदारकी मिळते आणि मॅरियनशी लग्न करायचा हुकूम.

या साच्याचा अर्थ काय लावायचा यावर अभ्यासकांचे सूर वेगळे आहेत. ब्रायन टेव्ह्झ (१९९३) जुलमी सत्तेविरुद्धच्या उठावावर भर देतो, तर जेफ्री रिचर्ड्स (१९७७) नाइटांच्या सभ्यतेच्या, मानमर्यादेच्या परंपरेवर. कथानकापुरतं बोलायचं तर दुसरी बाजू जड वाटते. बंड होतं ते राजाविरुद्ध नाही, राजाच्या गैरहजेरीत त्याची खुर्ची बळकावणाऱ्याविरुद्ध होतं, आणि शेवटी सगळं होतं तसं परत जागेवर बसतं. इतिहासकार एरिक हॉब्सबॉमने 'भल्या दरोडेखोरा'बद्दल हेच म्हटलंय की तो राजाचा शत्रू नसतो, गावच्या जुलमी जमीनदाराचा असतो. आणि जिथे राजाच वाईट आहे तिथे पटकथेला राजा बदलावा लागतो, १९३५ च्या 'कॅप्टन ब्लड'मध्ये १६८५ च्या मॉनमथच्या, म्हणजे राजा दुसऱ्या जेम्सविरुद्धच्या, बंडातल्या जखमीवर उपचार केले म्हणून डॉक्टरला गुलाम करून विकतात, तो चाचा होतो, आणि इंग्लंडात दुसरा जेम्स जाऊन विल्यम आल्यावर तोच डॉक्टर पोर्ट रॉयलचा गव्हर्नर होतो.

सिनेमाने मुळातून काय उचललं आणि काय टाकलं ते बघितलं की हे अजून स्पष्ट होतं. रॉबिन हूडच्या गाण्यांचा उल्लेख १३७७ च्या आसपासच्या 'पिअर्स प्लाउमन' या काव्यात येतो, पण त्याची सविस्तर गाथा, 'गेस्ट', बहुधा पंधराव्या शतकातली, छापील प्रती साधारण १५०० च्या सुमाराच्या. त्यात तो उमराव नाही, साधा योमन म्हणजे मधल्या थरातला माणूस आहे, मॅरियन नाही, सॅक्सन-नॉर्मन वाद नाही, आणि राजाचं नाव एडवर्ड (कितवा, ते ठरवण्यात बरीच शाई गेलीये). रिचर्डच्या काळात त्याला नेऊन बसवलं इतिहासकार जॉन मेजरने १५२१ मध्ये, उमराव केलं १५९८ च्या सुमाराला अँथनी मंडेच्या नाटकांनी, आणि सॅक्सन विरुद्ध नॉर्मन हा रंग वॉल्टर स्कॉटच्या 'आयव्हॅन्हो'चा (मुखपृष्ठावर १८२०, प्रत्यक्षात डिसेंबर १८१९). मॅरियन बहुधा फ्रेंच गोपगीतांतून मे महिन्याच्या खेळांत आणि तिथून इकडे आली. राजा मठाधिपतीच्या वेषात येतो हा प्रसंग मात्र अस्सल 'गेस्ट'मधलाच आहे! पण तिथे त्याच्यापुढेही गोष्ट आहे, रॉबिन दरबारात जातो, तिथे कंटाळतो, परत जंगलात येऊन बावीस वर्षं राहतो आणि शेवटी एका मठातल्या प्रमुख जोगिणीच्या दग्याने मरतो. पिक्चर बरोबर त्याच्या आधी थांबतो, कारण दरबारात कंटाळलेला हिरो या साच्यात मावतच नाही.

अपवाद आहेत. झेंडाच्या १९३७ च्या चित्रपटात हिरो प्रेम सोडून घरी जातो आणि रुपर्ट हा व्हिलन चक्क पळून जातो. १९५२ च्या 'स्कारामूश'मध्ये थिएटरात सहा मिनिटांहून जास्त चाललेलं द्वंद्व शेवटी अर्धवट सुटतं, समोरचा सावत्र भाऊ निघतो.

आपल्याकडे फेअरबँक्सची छाप मूकपटांवर होती, कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून पुढे आलेल्या मास्टर विठ्ठलना 'हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स' म्हणायचे, आणि फेअरबँक्सचे चाहते असलेल्या जेबीएच वाडियांच्या कंपनीने १९३५ च्या 'हंटरवाली'त मुखवटा आणि चाबूक नटी नादियाच्या हातात दिला. प्रभातच्या 'अमर ज्योती'त (१९३६) तर दुर्गा खोटे समुद्री चाच्यांची राणी आहे. पण बाबूराव पेंटरांचा 'सिंहगड' (१९२३), ह. ना. आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला' वरून केलेला, या रांगेत बसवू नये, किल्ल्याची चढाई आणि तटावरचं द्वंद्व आहे म्हणून बसवावासा वाटतो खरा. तिथे लग्न शेवटी लागत नाही, आधीच बाजूला ठेवलेलं असतं, आणि गड घेणारा तानाजी गडावरच पडतो.