जुन्या गाडीच्या इंजिनातील घट्ट भाग आम्ही कसे बसवतो

रत्नागिरी आणि आसपासच्या गावांतून फियाट, पद्मिनी, ॲम्बेसेडर यांसारख्या गाड्या इंजिन बांधणीसाठी आमच्याकडे येतात, तेव्हा सुटे भाग हाती असूनही इतके दिवस का लागतात, असे ग्राहक विचारतात. बराचसा वेळ घट्ट बसणाऱ्या भागांना लागतो.

व्हॉल्व्ह गाईड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी) ज्या भोकात बसते त्यापेक्षा ते काही शतांश मिलिमीटरने मुद्दाम जाड ठेवलेले असते आणि ही पकडच त्याला जागेवर धरते. फ्लायव्हील या इंजिनाच्या जड चाकावर चढणारा रिंग गिअर, म्हणजे दातेरी कडे, तसाच मुद्दाम चाकापेक्षा थोडा लहान असतो. आपल्याकडे लोहार बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना ती शेणींच्या जाळात तापवून फुगवतो आणि चढल्यावर पाणी ओतून आवळतो. रिंग गिअरची रीत तीच, फक्त त्याच्यावर पाणी ओतायचे नसते, तो आपोआप निवू द्यायचा असतो. 280 मिलिमीटर व्यासाचा पोलादी गिअर 200 अंशांनी तापवला, तर त्याचा व्यास साधारण 0.6 मिलिमीटरने वाढतो आणि तो ठोकल्याशिवाय बसतो. पोलादावर फिकट पिवळी छटा दिसताच आम्ही थांबतो, कारण ते निळे पडेपर्यंत तापले तर दात मऊ होऊन लवकर झिजतात.

ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. म्हणून गजन पिन (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणारा दांडा) पिस्टनमध्ये घट्ट असेल, तर पिस्टन उकळत्या पाण्यात ठेवतो. 20 मिलिमीटरचे भोक सुमारे 0.03 मिलिमीटरने मोठे होते आणि थंड पिन अंगठ्याच्या दाबाने आत जातो. हातोड्याने ठोकल्यास पिस्टन वाकडा होण्याची भीती असते.

भाग गोठवून आकसवण्याची पद्धतही चांगली आहे, परंतु कोकणातील दमट हवेत गार धातूवर क्षणात दव धरते, त्याचे हिम होते आणि ते भोकात अडकून पुढे गंज आणते. त्यामुळे पावसाळ्यात आम्ही गाईड गोठवण्याऐवजी हेडच (इंजिनाचा वरचा भाग, ज्यात गाईड बसते) सर्व बाजूंनी सारखे तापवतो. हेड पूर्ण निवल्यावर गाईडचे आतील माप पुन्हा घ्यावे लागते, कारण दाबाखाली ते किंचित आवळलेले असते आणि रीमर (भोक नेमक्या मापाचे करणारे हत्यार) फिरवूनच व्हॉल्व्हसाठी मोकळे करावे लागते.

काढलेले जुने भाग कृपया टाकू नयेत, इंजिनासोबत आणावेत. त्यांच्यावरील खुणांवरून पूर्वीची पकड सैल होती की ठोकून बसवलेली होती, हे आम्हाला कळते.