कीवचा सामना की लेनिनग्राडचा? १९४२ सालचे दोन फुटबॉल सामने

‘जर्मनांना फुटबॉलमध्ये हरवलं म्हणून अख्ख्या संघाला मैदानातच गोळ्या घातल्या.’ ही गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकलेली असते. ‘उपासमारीनं हाडाचा सापळा झालेली माणसं फुटबॉल खेळली’ हीसुद्धा. पुढे सांगणाऱ्याच्या तोंडी दोन्हींची भेसळ होते. उपाशी खेळाडू, समोर जर्मन संघ, मग विजय, मग गोळीबार, असा एकच सामना तयार होतो. असा सामना कुठेही झालेला नाही. झाले ते दोन वेगळे सामने, एकमेकांपासून हजारभर किलोमीटरवर.

घोळ होण्याला कारणंही तशीच आहेत. साल एकच, १९४२. देश एकच, सोव्हिएत संघ. आणि दोन्हीकडे नाव येतं डायनॅमो. डायनॅमो हा काही एकच क्लब नव्हे. सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या छत्राखाली १९२३ साली निघालेली ती क्रीडासंस्था, तिचे संघ गावोगावी होते. कीवचं डायनॅमो वेगळं, लेनिनग्राडचं वेगळं.

खरा फरक मात्र शहरांच्या अवस्थेत आहे. कीव पडलेलं होतं, १९ सप्टेंबर १९४१ पासून जर्मनांच्या ताब्यात. लेनिनग्राड, म्हणजे आजचं सेंट पीटर्सबर्ग, पडलं नव्हतं, त्याला जर्मनांचा वेढा होता. ताब्यातल्या शहरात शत्रू तुमच्या रस्त्यावर असतो, परवानगी तोच देतो, आणि हवं तर समोरचा संघही त्याचाच असतो. वेढ्यातल्या शहरात शत्रू बाहेर असतो, आत असते भूक. त्यामुळे सामना कोणी भरवला आणि कोणाला दाखवायला, याची उत्तरं दोन्हीकडे उलटी येतात.

आधी कीव. डायनॅमो आणि लोकोमोटिव या तिथल्या दोन क्लबांचे काही जुने खेळाडू एका पावाच्या कारखान्यात अंगमेहनतीच्या कामाला लागले होते. त्यांत गोलरक्षक निकोलाय त्रुसेविच होता. त्यांनीच ‘स्टार्ट’ नावाचा संघ उभा केला. शहरात सगळं सुरळीत चाललंय हे दाखवायला जर्मन प्रशासनाला खेळ हवेच होते. त्या उन्हाळ्यात स्टार्ट हंगेरियन, रुमानियन आणि जर्मन सैनिकांच्या संघांशी खेळला, ‘रुख’ या स्थानिक युक्रेनियन संघाशीही, आणि जिंकतच गेला. ६ ऑगस्टला त्यांनी फ्लाकेल्फला ५-१ नं हरवलं. ‘फ्लाक’ म्हणजे विमानविरोधी तोफ, ‘एल्फ’ म्हणजे अकरा. तोफखान्यातले अकरा जण, एवढंच ते नाव. तीन दिवसांनी, ९ ऑगस्टला, झेनिट स्टेडियमवर परतीचा सामना झाला. निकाल ५-३, पुन्हा स्टार्टच्या बाजूनं. हाच तो पुढे ‘मृत्यूचा सामना’ म्हणून गाजलेला.

आता दंतकथेला खरा सुरुंग लागतो तो पुढच्या आठवड्यात. १६ ऑगस्टला हाच संघ पुन्हा मैदानात होता आणि त्यानं रुखला ८-० नं धुतलं. मैदानात गोळ्या घातलेली माणसं आठवड्याभरानं आठ गोल करत नाहीत. अटक झाली ती १८ ऑगस्टपासून, गेस्टापोकडून, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांकडून. निकोलाय कोरोत्कीख छळात मेला. इतर काही जणांना बाबी यारच्या दरीजवळच्या सिरेट्स छळछावणीत डांबलं. त्रुसेविच, इवान कुझमेन्को आणि ओलेक्सी क्लिमेन्को यांना तिथे गोळ्या घातल्या गेल्या, पण फेब्रुवारी १९४३ मध्ये, म्हणजे सामन्यानंतर सहा महिन्यांनी. अटकेचं कारण काय, यावर आजही वाद आहेत. डायनॅमोचा सोव्हिएत गुप्त पोलिसांशी असलेला संबंध त्या कारणांमध्ये धरला जातो. कथा रंगवली ती पुढे सोव्हिएत प्रचारानं. गंमत म्हणजे याच प्रचारयंत्रणेच्या मालकांनी आधी काही वर्षं वाचलेल्या खेळाडूंकडे ‘शत्रूबरोबर खेळलेले’ म्हणून संशयानं पाहिलं होतं.

मला यात खटकतं ते हे की दंतकथेमुळे खरी माणसं लहान होतात. चार जण मेले हे पुरेसं भयंकर आहे. त्यासाठी पंचाची शिट्टी आणि बंदुकीचा आवाज एकाच दिवशी आणायची गरज नव्हती.

लेनिनग्राडच्या सामन्यात जर्मन खेळाडू एकही नव्हता. ३१ मे १९४२ रोजी क्रेस्तोव्स्की बेटावरच्या डायनॅमो स्टेडियमवर डायनॅमो विरुद्ध धातू कारखाना असा तो सामना. कारखान्याचं नाव उघड करायचं नाही म्हणून तो संघ बातम्यांत ‘अमुक एक कारखाना’ एवढाच झाला. डायनॅमो ६-० नं जिंकलं, पण स्कोअर इथे कोण लक्षात ठेवतो! आदल्या हिवाळ्यात या शहरात कामगार सोडून इतरांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळत होता. खेळायला उतरलेल्यांत अनातोली मिशुक होता, कुपोषणामुळे इस्पितळात राहून आलेला. सांगतात की त्यानं चेंडूला डोकं लावलं आणि तो तिथेच कोसळला. तीस-तीस मिनिटांचेच दोन डाव ठेवले होते. मध्यंतरात खेळाडू खाली बसले नाहीत म्हणे, कारण बसलो तर उठता येणार नाही ही भीती.

हा सामना मात्र वरून ठरवलेला होता. लेनिनग्राड मेलेलं शहर आहे असं जर्मन सांगत होते, त्याला हे उत्तर. रेडिओवरून त्याची बातमी शहराला आणि आघाडीवरच्या सैनिकांना ऐकवली गेली. म्हणजे प्रचार होताच, लपवायचं काय त्यात. फरक इतकाच की कीवचा प्रचार वीसेक वर्षांनी, इतिहासाला ठिगळं लावून झाला. लेनिनग्राडचा त्याच आठवड्यात.

तारखांचाही एक सापळा आहे. ९ ऑगस्ट १९४२ ही तारीख लेनिनग्राडच्या इतिहासातही ठळक आहे, त्यामुळे ती तिथल्या सामन्याला चिकटवली जाण्याचा धोका असतो. त्या दिवशी तिथे फुटबॉल नव्हता. वेढ्यातल्या त्या शहराच्या सभागृहात वाद्यवृंदाचा संचालक कार्ल एलियासबर्गच्या हाताखाली अर्धपोटी वादक सोव्हिएत संगीतकार शोस्ताकोविचची सातवी सिंफनी वाजवत होते. फुटबॉलची ९ ऑगस्ट कीवची.